चार हजार चादरींना प्रत्येकी एक भोक

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा इथूनच दंडवत. (पुरता साष्टांग घालणार होतो, पण ऑफिसच्या खोलीत टेबल, कपाट आणि मी एवढं झाल्यावर आडवं व्हायला जागा उरत नाही. शिवाय कंबरही हल्ली विचारल्याशिवाय वाकू देत नाही. तेव्हा गुडघ्यांपर्यंतचा गोड मानून घ्यावा.)

आधी प्रकृतीचं. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता की आठवण झाल्यावर? डाव्या डोळ्याचं काय केलंत? तीन वर्षं सांगतोय की दाखवून घ्या, तर तुमचं म्हणणं, सुईत दोरा ओवता येतोय तोवर डोळा शाबूत. मामीच्या अंगठ्याचं दुखणं कमी झालं का? तो अंगठा कशाने दुखावला हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल पुढे यायचंच आहे. इकडे आम्ही मजेत. तुमच्या भाचेसुनेचा खोकला गेला आणि माझ्याकडे आला, एवढंच.

कागदावर लिहायची वेळ आली ती तुम्ही फोनवर येत नाही म्हणून. सात आठवडे झाले. दर रविवारी फोन करतो, मामी उचलते आणि म्हणते, ते जरा पडलेत. सकाळी दहाला केला तरी पडलेले, संध्याकाळी पाचला केला तरी पडलेले. एवढा पडून राहणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर रागावलेला असतो, आणि तुम्ही आजारी असतात तर मामीचा आवाज मला तसा आला असता. तिचा आवाज येतो तो समोर बसून खाणाखुणा करणाऱ्या नवऱ्याकडे बघत बोलणाऱ्या बाईचा. (मागच्या रविवारी वर्तमानपत्राचं पान उलटल्याचंही ऐकू आलं. झोपेत वाचायला लागलात का?) त्याहून वाईट म्हणजे, मामी सांगते, तुम्ही कात्री कपाटात ठेवलीत, शिवणाच्या खोलीला कुलूप लावलंत आणि बायकांना सांगितलंत की दुसरीकडे काम बघा. पन्नास वर्षांचं काम माझ्या एका फोनवर बंद. तुम्ही माझ्याशी बोलावं आणि ती खोली उघडावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बाकी मजकूर लांबलचक आहे, पण तो तुम्ही पडल्या पडल्या वाचू शकता.

तर सगळ्यात आधी तुमचा जीव भांड्यात पाडतो. चादरी गेल्या, मामा. चारच्या चार हजार गेल्या. गोदामात आता फक्त रिकामी फळकुटं, सुतळी आणि मी आहे. काल दुपारी शेवटचा गठ्ठा गाडीत चढला तेव्हा मी गोदामाच्या मधोमध उभा राहून उगाच एक हाक मारून बघितली. तिचा प्रतिध्वनी आला. सात आठवडे तिथे आवाज घुमायलासुद्धा जागा नव्हती. मग मी पायरीवर बसून अर्धा तास काही केलं नाही. तेवीस वर्षांत असा अर्धा तास मला पहिल्यांदाच मिळाला.

तेवीस वर्षं म्हटलं की सगळं आठवतं. मी या देशात उतरलो तेव्हा एक सुटकेस होती, तिच्यात माझे कपडे दोन जोड आणि तुमची कापडं चाळीस. धुलाईच्या दुकानावरची खोली मिळाली. खाली यंत्रं फिरायला लागली की माझी खाट खिडकीपासून निघायची आणि संध्याकाळपर्यंत दाराशी पोचायची. (तुमची भाचेसून पुढच्या वर्षी आली तेव्हा तिने पहिलं काम काय केलं, तर खाटेचा पाय नळाला बांधला. संसार म्हणजे काय ते मला तिथे कळलं.) दिवसभर सुटकेस घेऊन हॉटेलं, खाणावळी, दवाखाने हिंडायचो. पहिली विक्री एका खाणावळीच्या स्वयंपाक्याला, भांडी पुसायची साठ फडकी. ती पहिल्याच धुण्यात अशी आटली की भांडं राहू द्या, चमचा पुसायचीही मारामार. मी तोंड लपवत गेलो, तर स्वयंपाकी म्हणाला, कपाखाली ठेवायला अगदी मापाची झाली आहेत, आणखी शंभर द्या. त्या दिवशी माझा या धंद्यावर आणि स्वतःच्या हुशारीवर नको इतका विश्वास बसला, आणि तो उतरायला पुढची बावीस वर्षं लागली.

धंदा म्हणजे तुम्ही तिकडे शिवायचं आणि मी इकडे खपवायचं, इतकं सोपं असेल असं आपल्या दोघांना वाटलं होतं. मग नियम आले. मालाखाली घालायची लाकडी फळकुटं भट्टीत भाजून त्यांच्यावर शिक्का मारून आणायची, नाही तर बंदरातून परत. का, तर लाकडात किडे असतात. टेबलावर टाकायच्या रुमालाच्या लेबलावर लिहायचं की हा विस्तवापासून दूर ठेवा. तुम्ही विचारलंत, रुमाल विस्तवात कोण धरणार आहे, तर मी तोच नियम पुन्हा वाचून दाखवला. लेबल डावीकडून चार बोटांवर लावा, पाच बोटांवर लावलेलं चालत नाही. मी कळवायचो आणि तुम्ही सुस्कारा टाकून म्हणायचात, 'असेल बाबा तिकडची रीत.' दहा-बारा वर्षांत तुमची अशी तयारी झाली की मी उद्या कळवलं असतं, इकडची माणसं टॉवेल वाचून बघतात, तर तुम्ही त्यावर चार ओळी छापून पाठवल्या असत्यात.

त्यात नमुन्यांचा नियम सगळ्यात अजब. गिऱ्हाईकाला दाखवायला आणलेल्या कापडावर जकात नाही, पण ते विकता येऊ नये म्हणून आधी खराब करायचं. म्हणजे त्याला भोक पाडायचं. हे मला जकातीच्या खिडकीवर कळलं. तिथले चष्मेवाले साहेब (अजून तेच आहेत, चष्मा तेवढा जाड झालाय) अत्यंत नम्रपणे उठले, ड्रॉवरमधून कात्री काढली आणि मामीने स्वतः भरतकाम केलेल्या मेजपोसाच्या पोटात खुपसली. मला खुर्ची द्यावी लागली. तेव्हा मी तुम्हाला कळवलं की नमुन्यांना तिकडेच भोक पाडून पाठवत जा, निदान ते आपल्या माणसाच्या हातून पडेल. तुम्ही महिनाभर तयार नव्हता. धडधाकट कापड कापायचं म्हणजे काय, हा तुमचा प्रश्न. मग तयार झालात, पण तुमच्या पद्धतीने. पुढच्या पार्सलात प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात बोटभर भोक होतं आणि त्या भोकाला भोवतीने काजटाका घातलेला होता. इतका बारीक, इतका एकसारखा, की शर्टाची काजं लाजतील. का, तर कापडाच्या कडा उघड्या सोडणं तुम्हाला जमत नाही. दश्या निघतात आणि तुम्हाला झोप येत नाही.

साहेबांनी चष्मा काढून ते भोक बघितलं, पुसून परत लावून बघितलं. मग पुस्तक उघडलं. चाळीस मिनिटं आमची चर्चा झाली आणि निकाल असा लागला की शिवलेलं भोक म्हणजे खराबी नव्हे, ती कलाकुसर, आणि कलाकुसरीवर जकात लागते. मी सांगितलं, मामांचा स्वभाव आहे. ते म्हणाले, स्वभावासाठी पुस्तकात रकाना नाही. शेवटी तोड निघाली, की शिवायचं असेल तर शिवा, पण भोक कापडाच्या मधोमध असावं आणि तळहाताएवढं असावं, म्हणजे ते कापड कुणी विकत घेणार नाही. तेव्हापासून आपल्या नमुन्यांना मधोमध तळहाताएवढं भोक, भोवती काजटाका. इकडच्या बाजारात आपली तीच ओळख झाली. मी दुकानात शिरलो की म्हणायचे, भोकवाले आले.

आता त्या ऑर्डरकडे येतो. तेवीस वर्षं फडकी, रुमाल आणि टॉवेल विकून मी पोट भरलं, पण धंदा उभा राहिला असं कधी म्हणता आलं नाही. यंदा गोदामाचा करार संपत होता आणि गोदामाच्या मालकाला ती जागा बॅडमिंटन खेळणाऱ्यांना द्यायची होती. माझा साडू तुम्हाला माहीत आहे, त्याचं फरशांचं दुकान. त्याने प्रेमाने सांगून ठेवलं होतं की नाही जमलं तर आमच्याकडे येऊन बसा. नुसतं सांगितलं नाही, मला खुर्चीही दाखवली. गोल फिरणारी होती. ती खुर्ची दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो त्याच्या लग्नातही मी बघितला नव्हता. अशा वेळी त्या बाई भेटल्या, ज्यांच्याकडे अठरा अतिथिगृहांची खरेदी आहे. आम्ही घरात त्यांना 'डोळेमिटी' म्हणतो, कारण त्या कापड बघत नाहीत, डोळे मिटून दोन बोटांत धरतात आणि गप्प राहतात. तुमची जाड सुती पांढरी चादर त्यांनी अशी धरली आणि त्यांचे डोळे बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, चार हजार. मी घरी चालत आलो की धावत ते आठवत नाही.

माल निघायला महिनाभर उशीर झाला, त्यावरून मी तुमच्यावर चिडलो, तुम्ही म्हणालात, काम बारीक आहे. मी म्हटलं, चादरीला चार कडा, त्यात बारीक काय. (हे वाक्य माझ्या डोक्यात हल्ली रोज वाजतं.) असो. माल आला. आणि मी काय शहाणपणा केला, तर पहिला गठ्ठा सोडायला डोळेमिटीबाईंना मुद्दाम गोदामात बोलावलं. टेबल पुसून घेतलं, चहा ठेवला, बिस्किटं बशीत गोल मांडली. सुतळी कापली, वरची चादर काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले, बोटांत धरली, मान हलवली. मग ती टेबलावर पसरली आणि हात फिरवायला लागल्या. हात फिरत फिरत मध्यावर गेला आणि नाहीसा झाला. बाईंनी डोळे उघडले. मनगटाच्या पुढे काही नव्हतं. मी वाकून बघितलं तर त्यांची पाची बोटं टेबलाच्या फटीशी चादरीखाली चाचपडत होती.

मी म्हटलं, नमुना असेल. दुसरी काढली. तिसरी काढली. सातवी काढेपर्यंत मी हसत होतो, मग हसू थांबलं आणि हात तेवढे चालू राहिले. अकराव्या चादरीला बाईंनी कोट घातला. दारात थांबून म्हणाल्या, 'माझ्या पाहुण्यांना झोपायचं असतं हो, डोकावायचं नसतं.' आणि गेल्या. बिस्किटं तशीच राहिली. मग मी एकट्याने प्रत्येक गठ्ठ्यातली एक एक चादर काढून बघितली. सगळ्यांना मधोमध तळहाताएवढं भोक आणि भोवती काजटाका, कुठे एक टाका चुकलेला नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी. डोळ्यांसमोर ती गोल फिरणारी खुर्ची आली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी फोन केला. जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही, लिहायला लाज वाटते. शेवटचं वाक्य मात्र माझ्या लक्षात आहे आणि तुमच्याही असणार. मी म्हटलं, मामा, तुमच्याच्याने आता होत नाही, कात्री खाली ठेवा. तुम्ही म्हणालात, 'बरं.' एवढंच म्हणालात. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. पण झालं गेलं. आता माल खपला आहे, तेव्हा चूक कुणाची, कशी, हे सगळं मी मोठ्या मनाने बाजूला ठेवतो. वय झालं की माणसाकडून गोंधळ होतो, उद्या माझ्याकडूनही होईल. माझ्या मनात काही नाही, तुम्हीही ठेवू नका.

खपला कसा, ते ऐका. आधी चष्मेवाल्या साहेबांकडे धावलो. म्हटलं, साहेब, मधोमध तळहाताएवढी भोकं आहेत, तुमच्याच नियमाने हे सगळे नमुने ठरतात, जकात तरी परत द्या. त्यांनी तेच पुस्तक, तेच पान काढलं. भोक शिवलेलं आहे, सबब हा माल आहे, मधोमधची सवलत फक्त नमुन्यांना. आणि नमुने म्हणाल, तर चार हजार नमुने बघणारं गिऱ्हाईक दाखवा. मी हात टेकले. मग तुमची भाचेसून ठिगळं लावायला बसली. बारा चादरी झाल्यावर तिने त्या दोरीवर वाळत घातल्या तर नेमबाजीचं मैदान दिसायला लागलं. साडू म्हणाला (तो रोज यायचा, सांत्वनाला), न्हाव्यांना दे, डोकं घालायला भोक आहेच. एका न्हाव्याकडे नेऊन बघितलं. गिऱ्हाइकाचं डोकं निम्मं आत गेलं आणि तिथेच राहिलं. शिवण तुमची असल्यामुळे ती सुटेना, आणि कापू म्हटलं तर गिऱ्हाईक घाबरलेलं. साबण लावून काढलं. मग एका उपाहारगृहाने बागेतल्या टेबलांसाठी वीस घेतल्या, टेबलाच्या मधून छत्रीचा दांडा जातो, भोक अगदी जागेवर. तीन तास सगळं छान चाललं. मग जमिनीवर लोळणाऱ्या टोकावर वाढप्याचा पाय पडला, आणि वाढपी, टेबल, छत्री आणि दोन म्हाताऱ्या बहिणी सगळे एका बाजूला कलले. वीसही चादरी परत आल्या, त्यांतल्या एकीवर सरबत होतं.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला मी साडूला फोन करून खुर्ची रिकामी आहे ना, असं विचारलं होतं. हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आणि त्याच दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा बोका आजारी पडला. आजींना गाडी नाही, बोक्याला शिस्त नाही. त्याने मला दोन ठिकाणी ओरबाडल्यावर मी गाडीतली एक चादर काढून त्याला गुंडाळला. बोक्याने अर्थातच भोक शोधलं आणि तोंड बाहेर काढलं. अशा थाटात आम्ही तिघे जनावरांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी बोक्याकडे बघितलंच नाही. त्याच्या गळ्याभोवतीच्या टाक्यावरून बोट फिरवत राहिल्या. (बोकाही इतका चकित झाला की चावायचं विसरला.) मग विचारलं, 'हे कुणी शिवलंय?' मला वाटलं ही आणखी एक तक्रार. म्हटलं, आमच्या मामांनी, पण ते वयस्कर आहेत.

तर मामा, गोष्ट अशी. जनावराचं ऑपरेशन करताना त्याचं सगळं अंग स्वच्छ कापडाने झाकतात, आणि त्या कापडाला मधोमध एक खिडकी असते. तेवढीच जागा उघडी ठेवून तिथे काम करतात. ही खिडकी त्या इतकी वर्षं स्वतः कात्रीने पाडत होत्या. कापड दर वेळी उकळावं लागतं, पाच उकळ्यांत कडा सुटतात, दश्या जखमेत पडतात आणि खिडकीचा दरवाजा होतो. त्यांनी माझ्याकडून सहा चादरी उकळून बघायला घेतल्या. मी विचारलं, या फार मोठ्या नाहीत का. त्या म्हणाल्या, घोड्याला पुरतील, मांजराला दुमडतील. मग नऊ दिवस मी काय केलं ते विचारू नका. गोदामात फेऱ्या मारल्या. दहाव्या दिवशी फोन आला. चाळीस वेळा उकळून झालं होतं आणि एक टाका हलला नव्हता. त्यांच्यासारख्या तीसेक दवाखान्यांची खरेदी एकत्र होते. सगळ्या घेतल्या, मामा. सरबताची आणि ठिगळांच्या बारासुद्धा. (ठिगळं उसवून.) गोदामाचा करार आणखी पाच वर्षं वाढला, बॅडमिंटनवाले दुसरीकडे गेले. साडूला कळवलं तेव्हा तो थोडा उदास झाला, पण मोठ्या मनाने अभिनंदन केलं आणि खुर्चीवर स्वतः बसला.

असा सगळा शेवट गोड झाला. मनातली अढी काढून टाका, एवढीच विनंती. मामीला नमस्कार, तिच्या अंगठ्यालाही. शिवणाच्या खोलीतल्या बायकांनाही सांगा की त्यांनी शिवलेल्या चादरींखाली सध्या इकडे एक घोडा, चार गाई आणि असंख्य कुत्री बरी होत आहेत. खोकला वाढत चालला आहे म्हणून हात आवरतो.

तुमचा,
तुमच्याच दुकानाच्या गल्ल्यामागे वाढलेला भाचा

ता.क. एक छोटंसं काम राहिलं. डॉक्टरीणबाईंना आणखी दोन हजार हव्या आहेत, पण भोकं तीन मापांत, कुत्र्यामांजरांना लहान, गाईगुरांना मधलं, घोड्याला मोठं. मी तुम्हाला त्रास नको म्हणून इकडच्या एका शिंप्याकडून यंत्रावर करून घेतलेला नमुना दिला होता. अकराव्या उकळीला त्याचा दोरा सगळा बाहेर आला, आणि बाईंनी ते कापड माझ्या हातात असं ठेवलं, जसं काही मीच ते चावलंय. त्यांना तोच काजटाका हवा आहे. तेव्हा कपाटातली कात्री काढलीत तर बरं होईल. घाई नाही. म्हणजे, दीड महिन्यात.

ता.क. २. वरचं लिहून झाल्यावर तासभर पाकीट समोर ठेवून बसलो होतो. आता सरळ लिहितो. चूक तुमची नव्हती. ऑर्डरच्या कागदाची नक्कल माझ्या फाइलमध्ये आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: प्रत्येक नगाला मधोमध भोक, तळहाताएवढं. मी एकाच बैठकीत दोन कागद लिहिले, एक नमुन्यांचा आणि एक चार हजारांचा, आणि ते वाक्य भलत्या कागदावर उतरवलं. तुम्ही तीनदा फोन करून विचारलं होतंत, सगळ्यांनाच का. पहिल्यांदा मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं, लिहिलंय तसं करा. तिसऱ्यांदा म्हटलं की मामा, तिकडचे नियम तुम्हाला कळायचे नाहीत. मग तुम्ही, मामी आणि सहा बायका महिनाभर बसून चार हजार धडधाकट चादरी कापत राहिलात आणि प्रत्येक भोक शिवत राहिलात. मामीचा अंगठा दुखावला तो त्यातच. हा कागद मला तुमच्याशी भांडल्यानंतर तिसऱ्या दिवशी सापडला. काल नाही, सात आठवड्यांपूर्वी. रोज वाटायचं सांगावं, आणि रोज वाटायचं, आधी माल खपू दे. मागच्या रविवारी मामीने सांगितलं की मूळ कागद तुमच्याकडेच आहे, पहिल्या दिवसापासून. ती म्हणत होती, दाखवा त्याला. आणि तुम्ही म्हणालात, 'परमुलखात एकटा झगडतोय, त्यात आणखी हे कशाला.' हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. मी फार वाईट वागलो, मामा. मोठ्या मनाचं जे काही वर लिहिलंय ते सगळं खोडलंय असं समजा.

ता.क. ३. (हे माझं अक्षर, तुमच्या भाचेसुनेचं.) मामा, नमस्कार. दुसरा ता.क. यांनी स्वतःहून लिहिला हे खरं आहे. मी फक्त तो लिहून होईपर्यंत डिंक दिला नव्हता. साडूला केलेला फोनही मला माहीत आहे, माझ्या बहिणीने त्याच दिवशी सांगितलं. चादरींचं तुमचं तुम्ही ठरवा. नाही शिवल्यात तरी आमचं काही अडणार नाही, मी डॉक्टरीणबाईंना तसं सांगून ठेवलंय. मुद्दा वेगळाच आहे. यांनी तिकीट काढलंय. सहा वर्षांत तिकडे यायला सवड झाली नाही, आता झाली. तुम्हाला कळवायचा धीर होत नाही म्हणून पत्र पुढे पाठवतायत. तीन दिवस आरशासमोर उभं राहून तुमच्याशी काय बोलायचं त्याची तालीम चालली आहे, आणि 'मामा' या शब्दापुढे गाडी सरकत नाही. पत्र मिळाल्यावर चार-दोन दिवसांत ते दाराशी उभे असतील. मामीला पुढे करू नका. दार तुम्ही उघडा.